कच्च्या दगडाचे पक्के काम

सिमेंटाच्या पोत्यावरून घरात अबोला होऊ शकतो, ही गोष्ट गेल्या वैशाखापर्यंत मला ठाऊक नव्हती. साताऱ्याला माझे थोरले काका, म्हणजे आमचे अण्णा, आपल्या बैठ्या घरावर एक मजला चढवीत होते. त्यांच्या सख्ख्या नातीनेच बांधकामाची पदवी घेतलेली. तेव्हा देखरेख तिची. सगळे कसे सुरळीत चालले होते. आणि स्लॅब पडायच्या आदल्या दिवशी अण्णांचा मला फोन आला. आवाज चढलेला.

"अरे, असशील तसा निघून ये. आपल्याला चुना लावलाय!"

मी मराठीचा मास्तर. ‘चुना लावणे’ हा वाक्प्रचार मी वर्गात कितीतरी वेळा समजावून दिलेला आहे. पण तो इतक्या शब्दशः खरा होऊन समोर येईल, असे कधी वाटले नव्हते. संध्याकाळी पोहोचलो. ओसरीवर सिमेंटाची पोती रचलेली, अण्णा झोपाळ्यावर, नात स्वयंपाकघराच्या दारात, आणि दोघांच्या मधे एक कागद. सिमेंटाबरोबर कारखान्याकडून आलेले ते तपासणीपत्र होते. अण्णांनी त्यातल्या एका ओळीखाली लाल पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या होत्या. त्या ओळीत लिहिले होते, की ह्या सिमेंटात ४ टक्के चुनखडीची भुकटी मिसळलेली आहे.

"बघ! सिमेंटात दगड! आणि वर लेखी कबुली!"

"आजोबा, ती भेसळ नाही हो. नियमात बसतं ते."

"भेसळ करणारा सगळं नियमात बसवूनच करतो. उद्याचा स्लॅब होणार नाही!"

अण्णांचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांनी खालचे घर बांधले १९७९ साली. तेव्हा सिमेंट परवान्यावर मिळत असे. चार चकरा मारून चार पोती हाती यावीत, आणि त्यांतही राख किती, दगडाची पूड किती, ह्याचा भरवसा नसावा. सिमेंटावरचे नियंत्रण १९८२ साली काही अंशी आणि १९८९ साली पूर्णपणे उठले. पण त्या पिढीच्या मनातले नियंत्रण कसे उठावे? निवृत्तीचे पैसे ज्या घरात घातले, त्याच्या छतात कोणी दगड मिसळला म्हटल्यावर माणूस शांत कसा राहील?

त्या रात्री जेवणे झाल्यावर ती पोर अंगणात माझ्याशी बोलत बसली. पुढे मीही थोडे वाचले, जाणत्यांना विचारले. जे हाती लागले ते इतके मौजेचे होते, की दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

नाव मुळात दगडाचेच

आरंभ शब्दापासून करतो. ती आमच्या धंद्याची खोड. ‘सिमेंट’ हा शब्द लॅटिन ‘सीमेंटुम’वरून आला. पण रोमन लोक सीमेंटुम म्हणत ते चिकटवणाऱ्या द्रव्याला नव्हे, तर चुन्यात घालायच्या दगडाच्या ओबडधोबड कपच्यांना! काळाच्या ओघात नाव कपच्यांवरून घसरले आणि चिकटवणाऱ्याला जाऊन चिकटले. ‘काँक्रीट’ म्हणजे एकत्र वाढून घट्ट झालेले. पुढे १८२४ साली इंग्लंडात लीड्स येथल्या जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या गवंड्याने आपल्या नव्या सिमेंटाचे पेटंट घेतले, आणि त्याला नाव दिले पोर्टलंड सिमेंट. का, तर ते घट्ट झाल्यावर पोर्टलंड बेटातल्या प्रसिद्ध इमारती दगडासारखे दिसते म्हणून. हा पोर्टलंडचा दगड म्हणजे तरी काय? चुनखडीच! तेव्हा सिमेंटात चुनखडी निघाली म्हणून दचकण्याआधी हे ध्यानात घ्यावे, की दोघांचे नाते जुने आहे.

आपल्याकडेही चुन्याचे नाते जुनेच. जुने वाडे आणि गडांवरचे बुरूज उभे आहेत ते चुन्यावर. भट्टीत खडे भाजायचे, पाण्यात विझवायचे, आणि वाळूबरोबर घाण्यात मळायचे. बैलाने ओढायचे ते दगडी चाक आणि त्याची गोल चर अजून कित्येक गडांवर पाहायला मिळते. कोणी त्यात गूळ घालीत, कोणी बेलफळाचा गर. भट्टीत नीट न भाजलेला खडा मात्र कारागीर निवडून फेकून देई. कच्चा खडा म्हणजे निकामी, ही समजूत इतकी जुनी आहे.

आणि आज नेमका तोच कच्चा, न भाजलेला दगड दळून सिमेंटात मुद्दाम घालतात. का?

भट्टीत काय होते

सिमेंट कसे बनते ते थोडक्यात पाहू. चुनखडी आणि चिकणमाती ठरावीक प्रमाणात दळून एका लांबलचक फिरत्या भट्टीत घालतात. आतला माल सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. त्यातून सुपारीएवढाले, काही लहान, काही मोठे, काळपट खडे बाहेर पडतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. क्लिंकर थोड्या जिप्समाबरोबर बारीक दळला, की झाले सिमेंट.

पण ह्या भाजण्याची एक किंमत आहे. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली, तर चुना हाती येतो ५६ किलो. उरलेले ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातात. हा धूर कोळशाचा नव्हे. तो प्रत्यक्ष दगडातूनच निघतो. कोळशाऐवजी दुसरे कोणतेही इंधन वापरा, हे ४४ किलो चुकत नाहीत. इंधनाचा धूर त्यावर आणखी वेगळा. एक टन क्लिंकरामागे साधारण ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे साध्या सिमेंटाच्या ५० किलोंच्या एका पोत्यामागे जवळपास ४० किलो! जगभर माणसाच्या उद्योगांतून हा जो वायू निघतो, त्यातला सुमारे ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटाचा आहे. आणि सिमेंट करणाऱ्या देशांत चीनच्या खालोखाल आपला नंबर लागतो. उन्हाळे का तापताहेत आणि पावसाचे वेळापत्रक का बिघडते आहे, ह्याच्या हिशेबात आपल्या घराच्या स्लॅबचीही एक ओळ आहे.

तेव्हा पोत्यातला क्लिंकर जितका कमी करता येईल तितका बरा. पण नुसता कमी करून चालत नाही. घराची ताकद कमी होता कामा नये. भाजलेल्याच्या जागी न भाजलेले घालायचे आणि काम मात्र तेवढेच पक्के घ्यायचे! ही कसरत चुनखडीला जमते, ती कशी?

चिवडा, खडीसाखर आणि एक सोयरीक

पहिली गोष्ट चिवड्याची. डबा नुसत्या पातळ पोह्यांनी भरा. वरून भरलेला दिसतो, पण आत पोकळ जागा पुष्कळ. त्यात डाळे, तीळ, बारीक शेव घाला आणि डबा हलवा. डबा तेवढाच, पण माल जास्त बसतो. सिमेंटाचे कण आपल्या डोळ्यांना पिठासारखे बारीक वाटले, तरी त्यांच्यामध्येही अशा फटी असतातच. चुनखडी क्लिंकरापेक्षा मऊ. दोन्ही एकत्र दळली, की चुनखडीची पूड अधिक बारीक होते आणि त्या फटींत जाऊन बसते. एरवी तिथे पाणी साठले असते. पुढे ते उडून गेले असते आणि मागे छिद्र राहिले असते.

दुसरी गोष्ट खडीसाखरेची. साखरेचा दाट पाक नुसता ठेवला, तर खडे धरायला वेळ लागतो. त्यात दोरा सोडला, की दोऱ्यावर भराभर खडे जमतात. दोरा काही साखर नव्हे. पण जमायला जागा देतो. पाणी घातल्यावर सिमेंटातून जे चिकट, घट्ट होणारे द्रव्य तयार होते, त्याला जमायला चुनखडीचे बारीक कण अशीच जागा देतात. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत काँक्रीट लवकर ताकद धरते.

तिसरी गोष्ट सोयरीकीची. पुष्कळ दिवस समजूत अशी होती, की चुनखडीची पूड ही नुसती फटी बुजवणारी, निर्गुण निराकार वस्तू आहे. ते पूर्ण खरे नाही असे पुढे दिसून आले. सिमेंटात अ‍ॅल्युमिनाची काही संयुगे असतात. चुनखडीतला थोडा भाग त्यांच्याशी संयोग पावतो आणि त्यातून नवे स्फटिक तयार होतात. ते जागा अधिक व्यापतात, म्हणून छिद्रे आणखी कमी होतात. मात्र ही सोयरीक थोडक्यावरच भागते. साध्या सिमेंटात अ‍ॅल्युमिना बेताचाच; म्हणून पाचेक टक्क्यांच्या पुढची चुनखडी बहुतांशी फटी भरण्याचेच काम करते.

आणि इथेच मर्यादा येते. चिवड्यात शेव वाढवीत गेलात, तर एका टप्प्यानंतर तो चिवडा राहत नाही, शेवच होते. चुनखडी स्वतः चिकटत नाही. तिचे प्रमाण दहा-पंधरा टक्क्यांच्या पुढे गेले, की सिमेंट पातळ झाल्यासारखे होते आणि ताकद उतरू लागते. मग सगळे सिमेंटच आणखी बारीक दळावे लागते, पाण्याचा हिशेब काटेकोर ठेवावा लागतो.

जगाचा अनुभव

ही कल्पना कालपरवाची नाही. जर्मनीत १९६५ साली २० टक्के चुनखडीचे सिमेंट खास कामांसाठी निघाले होते. फ्रान्समध्ये तर अशी सिमेंटे कित्येक दशके वापरात आहेत. कॅनडाने १९८३ साली ५ टक्क्यांना परवानगी दिली आणि २००८ साली ती १५ टक्क्यांवर नेली. युरोपच्या २००० सालच्या मानकाप्रमाणे एका प्रकारात ६ ते २० आणि दुसऱ्यात २१ ते ३५ टक्के चुनखडी चालते. पण कोणतीही चुनखडी नव्हे! तिच्यात कॅल्शियम कार्बोनेट निदान ७५ टक्के हवे, आणि चिकणमातीचा अंश ठरलेल्या मर्यादेच्या आत हवा. कारण माती पाणी पिते आणि सगळा बेत बिघडवते. अमेरिका ह्या बाबतीत फार सावध. तिने २००४ साली ५ टक्के मान्य केले आणि २०१२ साली १५ टक्क्यांपर्यंतचा वेगळा प्रकार मानकात घेतला. आज तिथे खपणाऱ्या सिमेंटाचा मोठा हिस्सा ह्याच प्रकारचा आहे.

जपानची गोष्ट तर सांगण्यासारखीच आहे. तिथे अनुभवी गवंडी कमी पडू लागले. काँक्रीट ठोकून, हलवून नीट बसवायचे, तर हात कसलेले हवेत. तेव्हा तोक्यो विद्यापीठातल्या हाजिमे ओकामुरा ह्यांनी १९८६ साली सुचवले, की आपल्या वजनाने आपणच वाहून सळयांच्या आड जाऊन बसेल असे काँक्रीट का करू नये? १९८८ साली तसे काँक्रीट तयार झाले. वाहायला ते पातळ हवे, पण खडी तळाशी बसता कामा नये. म्हणून बारीक पूड भरपूर हवी. सगळी पूड सिमेंटाची घातली, तर एवढ्या मोठ्या ठोकळ्यात उष्णता वाढून तडे जातील. तिथे चुनखडीची पूड उपयोगी पडली. कोबे आणि आवाजी बेट ह्यांना जोडणारा आकाशी काइक्यो पूल १९९८ साली खुला झाला. त्याच्या मधल्या कमानीची लांबी १९९१ मीटर! त्याचे लोखंडी दोर ज्या प्रचंड काँक्रीटच्या ठोकळ्यांत बांधले आहेत, त्यांत अशा वाहत्या काँक्रीटचा वापर झाला, आणि त्या ठोकळ्यांचे अडीच वर्षांचे काम दोन वर्षांत उरकले.

पण नाण्याला दुसरी बाजूही आहे आणि ती लपवणे बरे नव्हे. त्याच १९९८ साली इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमधून जाणाऱ्या एम-५ ह्या महामार्गावरच्या काही पुलांचे पाये उकरून पाहिले, तेव्हा जमिनीखालच्या काँक्रीटचा पृष्ठभाग लगद्यासारखा झालेला आढळला. त्या काँक्रीटमधल्या खडीत कार्बोनेट होते, भोवतालच्या ओल्या मातीत सल्फेट होते, आणि जमीन थंड होती. तिन्ही एकत्र आल्यावर ‘थॉमासाइट’ नावाचे खनिज तयार होते आणि ते सिमेंटाचा चिकटपणाच खाऊन टाकते. ह्या खनिजाचे नाव ग्रीक भाषेतल्या ‘आश्चर्य वाटणे’ ह्या क्रियापदावरून पडले आहे. इंजिनिअरांना आश्चर्य वाटलेच असणार! तिथे दोष खडीचा होता, पुडीचा नव्हे. परंतु चुनखडीची पूड म्हणजेही कार्बोनेटच. म्हणून थंड, ओल्या, सल्फेटाच्या जमिनीत तिचे प्रमाण जपून ठेवावे हा धडा जगाने घेतला. औषध गुणकारी असले, तरी प्रकृती पाहूनच द्यावे लागते.

आपल्याकडे

आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. चुनखडीचे मोठे साठे आहेत ते विदर्भात. म्हणूनच चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या त्या पट्ट्यात सिमेंटाचे कारखाने दिसतात. चांगली, भट्टीला योग्य अशी चुनखडी काही अक्षय नाही. न भाजता दळून घालायला मात्र थोडी उणी प्रतही चालून जाते. जो दगड खाणीबाहेर पडून राहिला असता, तोही कामी येतो.

आपल्या साध्या पोर्टलंड सिमेंटात गुणवर्धक म्हणून ५ टक्क्यांपर्यंत चुनखडी घालायला भारतीय मानक परवानगी देते. आणि ताकदीच्या परीक्षेत तिला ग्रेस मार्क नाहीत बरे का! पोत्यावर ५३ ग्रेड लिहिले, तर २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला ५३ न्यूटन एवढा भार त्या सिमेंटाने सोसलाच पाहिजे, चुनखडी असो वा नसो.

ह्याहून पुढची पायरी आता आली आहे. स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथील संस्थेच्या कॅरेन स्क्रिव्हनर, क्यूबातले फर्नांडो मार्तिरेना, आणि आपल्याकडे दिल्ली व मद्रासच्या आय.आय.टी.मधले संशोधक ह्यांनी मिळून एक नवे मिश्रण सिद्ध केले. त्याची प्रसिद्ध कृती अशी: क्लिंकर ५०, भाजलेली चिकणमाती ३०, कच्ची चुनखडी १५ आणि जिप्सम ५ टक्के. माती भाजायला ७००-८०० अंश पुरतात, आणि भाजताना तिच्यातून मुख्यतः पाण्याची वाफ जाते. शिवाय तिच्यात अ‍ॅल्युमिना भरपूर; म्हणजे मघाशी सांगितलेली सोयरीक आता थाटामाटात होते! कार्बन डायऑक्साइड साध्या सिमेंटाच्या मानाने सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. झाशीला ह्या सिमेंटाचे एक प्रायोगिक घर उभे राहिले. आणि २०२३ साली त्याचे भारतीय मानकही प्रसिद्ध झाले.

भेसळ कशाला म्हणावे?

आता पुन्हा अण्णांच्या ओसरीवर येऊ. त्यांचा प्रश्न साधा होता, आणि खरे म्हणजे तोच सगळ्यात महत्त्वाचा. दगडाची पूड कारखान्याने घातली तर गुण, आणि गोदामात कोणी घातली तर गुन्हा. हा कुठला न्याय?

नातीने दिलेले उत्तर मला आजही पटते. ती म्हणाली, "काका, तीन गोष्टी विचारायच्या. किती घातली? किती बारीक दळून घातली? आणि सांगून घातली की चोरून?" कारखान्यात चुनखडी क्लिंकराबरोबर दळली जाते, मोजली जाते, तपासली जाते, आणि कागदावर लिहिली जाते. गोदामात रात्री फावड्याने कालवलेली जाडीभरडी पूड ना मोजलेली, ना तपासलेली. तिच्यात माती किती हे घालणाऱ्यालाही ठाऊक नसते. दुधात पाणी घालणे ही भेसळ. पण ताकात पाणी घालून ताकच म्हणून वाढले, तर कोणी गवळ्याला शिव्या देत नाही. ज्या ओळीने अण्णा खवळले, ती ओळच खरे तर विश्वासाची खूण होती. चोर कधी पावती देत नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी तिने आपणहून अबोला सोडला. "आजोबा, त्या चार टक्क्यांवर मी लक्ष ठेवलंय. तुम्ही आज मिक्सरपाशी खुर्ची टाकून बसा आणि पाणी मोजा. आपल्या मिश्रणाला एका पोत्यामागे २५ लिटर. मजूर जास्त ओतायला लागले, की ओरडा."

अण्णा आधी काही बोलले नाहीत. मग उठले, आणि लाल पेन्सिल खिशाला लावून बाहेर गेले. दुपारी मी पाहतो तो काय, मुकादम ‘माल पळत नाही, अजून एक बादली मारा’ म्हणतो आहे आणि अण्णा खुर्चीवरून उठून ती बादली हातात धरून उभे! त्या दिवशी मला कळले, की घरांचा खरा शत्रू कोण. कागदावरची चार टक्के चुनखडी आपल्या डोळ्यांत खुपते. पण माल सैल व्हावा म्हणून वरून ओतलेले पाणी कोणी मोजत नाही, कारण ते फुकटचे असते. ते जास्तीचे पाणी उडून जाते, मागे छिद्रे राहतात, आणि स्लॅब आयुष्यभर अशक्त राहतो. तीच गत नंतर पाणी मारायच्या कंटाळ्याची. साध्या सिमेंटाला निदान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटाला निदान १० दिवस काँक्रीट ओले राहिले पाहिजे. अण्णांनी स्लॅबवर आळी करून चांगले १४ दिवस पाणी साठवले, आणि रोज पहाटे ते स्वतः पाहून आले.

स्लॅबच्याच मालाचे काही ठोकळे नातीने भरून ठेवले होते. २८ दिवसांनी ते प्रयोगशाळेत दाबून फोडले. हवी होती दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकद. प्रत्येक ठोकळा त्याच्या पुढे गेला. अण्णांनी तो कागद आधीच्या तपासणीपत्राशेजारी ठेवला, लाल पेन्सिल काढली, आणि ह्या वेळी आकड्यांखाली नव्हे, तर तळाशी असलेल्या नातीच्या सहीखाली रेघ ओढली.

ह्या दिवाळीला वरच्या मजल्यावर पहिली रांगोळी निघेल. बाजारात मिळणारी पांढरी रांगोळी पुष्कळदा संगमरवराची नाहीतर तशाच एखाद्या दगडाची भुकटी असते. म्हणजे चुनखडीचीच भावंडे ती! परवा फोनवर अण्णांना हे सांगितले. क्षणभर थांबून ते म्हणाले, "म्हणजे वरही तीच आणि खालीही तीच? मग असू दे. मोजून घातली म्हणजे झालं."